ऐंशी जागा आणि उरलेली मुले

हिवाळ्यातील एका सकाळी तालुक्याच्या गावातील एखाद्या मोठ्या शाळेसमोर जत्रेसारखी गर्दी जमते. जीपगाड्या, मोटारसायकली, एस. टी.तून उतरलेली कुटुंबे, फाटकावर लावलेल्या बैठकव्यवस्थेच्या याद्या. आणि या साऱ्याच्या मधोमध, हातात पॅड आणि दोन-दोन पेने घेतलेली दहा-अकरा वर्षांची मुले. साडेअकराला सुरू होणारी ही परीक्षा दीड वाजता संपते. बाहेर येणाऱ्या मुलाला पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘किती सुटले?’ बहुतेक मुले ‘सगळे’ असे उत्तर देतात. ते खरे असो वा नसो, त्या क्षणी दुसरे उत्तर देण्याचे धैर्य त्या वयात नसते.

जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशासाठी होणाऱ्या निवडपरीक्षेचे हे दृश्य आता आपल्या ग्रामीण जीवनाचा एक भाग झाले आहे. देशात सुमारे साडेसहाशे नवोदय विद्यालये आहेत आणि प्रत्येक विद्यालयात सहावीच्या वर्गात जास्तीत जास्त ८० मुले घेतली जातात. म्हणजे देशभरात जागा झाल्या साधारण ५० हजार. अर्ज मात्र अलीकडच्या वर्षांत २० लाखांच्या वर गेले आहेत. अर्ज करणाऱ्या चाळीस मुलांमागे एकाला प्रवेश आणि एकोणचाळिसांना नकार, असा हा स्थूल हिशेब आहे. त्यातून ही परीक्षा एकदाच देता येते. दुसऱ्या वर्षी पुन्हा बसण्यास नियमाने मनाई आहे. साहजिकच ‘मुलाची तयारी कशी करून घ्यावी?’ हा प्रश्न आज शिक्षकांना, कारकुनांना आणि शेतकऱ्यांना सारखाच छळतो. या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी त्याचे थोडे अर्थशास्त्र पाहणे आवश्यक आहे.

नवोदय विद्यालयांची कल्पना १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील. प्रायोगिक स्वरूपाची पहिली दोन विद्यालये १९८५-८६ मध्ये निघाली. त्यांतले एक हरियाणातील झज्जर येथे आणि दुसरे आपल्या अमरावतीला. बुद्धिमान मुले केवळ शहरांत जन्मत नाहीत, आणि पालकांची ऐपत नाही म्हणून अशा मुलाने मागे राहता कामा नये, ही त्यामागची भूमिका होती. म्हणूनच किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी आणि एक तृतीयांश जागा मुलींसाठी राखून ठेवण्यात आल्या. अनुसूचित जाती-जमातींसाठीही राखीव जागा आल्या. प्रत्येक जिल्ह्याला एक विद्यालय आणि त्या जिल्ह्यातल्याच मुलांना तेथे प्रवेश, ही रचनाही न्याय्य म्हटली पाहिजे. निवास, भोजन, गणवेश, पाठ्यपुस्तके यांचा भार शासन उचलते. नववीपासून महिना ६०० रुपये विकास निधी काही विद्यार्थ्यांकडून घेतला जातो. पण मुली, अनुसूचित जाती-जमातींची मुले आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुले यांना तोही माफ आहे. सहावी ते बारावी अशी सात वर्षे चांगल्या शिक्षणाची हमी, आणि तीही जवळजवळ विनामूल्य! अशा संधीसाठी पालक धडपडतात यात त्यांचा लोभ पाहणे अन्यायाचे होईल. गावातील शाळेविषयी त्यांचा जो अनुभव आहे, त्यावरून त्यांनी काढलेला तो सरळ निष्कर्ष आहे.

जागा तेवढ्याच, किंमत मात्र चढती

परंतु येथेच एक गोष्ट बारकाईने लक्षात घेतली पाहिजे. बाजारात गव्हाला मागणी वाढली, तर भाव चढतो आणि पुढच्या हंगामात अधिक शेतकरी गहू पेरतात. नवोदयच्या जागांचे तसे नाही. मागणी कितीही वाढली, तरी जिल्ह्याच्या ८० जागांच्या ८१ होत नाहीत. अशा वेळी पालकांनी ओतलेला पैसा जागा निर्माण करीत नाही. तो केवळ रांगेतील क्रम बदलण्यासाठी खर्च होतो.

समजा, एखाद्या जिल्ह्यात चार हजार मुले परीक्षेला बसली आणि त्यांपैकी निम्म्या पालकांनी शिकवणी वर्ग, सराव पुस्तके, जाण्या-येण्याचा खर्च असे मिळून प्रत्येकी दहा हजार रुपये घातले. एकूण खर्च झाला दोन कोटी रुपये. वाटल्या गेलेल्या जागा मात्र ८० च. म्हणजे शासनाने विनामूल्य दिलेल्या एकेका जागेमागे समाजाने अडीच लाख रुपये आपल्या खिशातून दिले, आणि त्या पैशातून एकही वर्गखोली उभी राहिली नाही, एकही शिक्षक वाढला नाही. कुस्तीच्या फडात पुढचे चार लोक उठून उभे राहिले की मागच्यांनाही उभे राहावे लागते. थोड्याच वेळात सारा फड उभा असतो. कुणालाच अधिक चांगले दिसत नाही, पाय मात्र सर्वांचेच दुखतात. आणि ज्याला उभे राहण्याची ताकद नाही, त्याला कुस्ती दिसतच नाही.

ज्याला उभे राहता येत नाही, त्याच्यासाठीच तर हे विद्यालय होते. ग्रामीण राखीव जागेचा निकष मुलाने तिसरी, चौथी आणि पाचवी ही वर्षे ग्रामीण भागातील शाळेत काढली की नाही, एवढाच आहे. कुटुंबाच्या उत्पन्नाशी त्याचा संबंध नाही. या वर्षांत एक दिवस जरी मूल शहरी शाळेत शिकले, तरी ते ग्रामीण गणले जात नाही, इतकी काटेकोर भाषा नियमांत आहे. पण शाळा गावात आणि शिकवणी शहरात, ही सोय नियमाच्या पलीकडची आहे. गावातील नोकरदाराचा, दुकानदाराचा किंवा बागायतदाराचा मुलगा आणि त्याच बाकावर बसणाऱ्या ऊसतोड मजुराचा मुलगा परीक्षेच्या दृष्टीने सारखेच ‘ग्रामीण’ ठरतात.

परीक्षा नेमके काय तपासते?

या परीक्षेचे स्वरूप पाहिले, तर ती आखणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता हे मान्य करावे लागते. दोन तासांत ८० प्रश्न आणि १०० गुण. त्यांपैकी निम्मे, म्हणजे ४० प्रश्न, मानसिक क्षमतेचे. त्यांत शब्द जवळजवळ नसतात. वेगळी आकृती ओळखणे, अपुरी आकृती पूर्ण करणे, आरशातील प्रतिमा, घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल ते सांगणे, असे प्रश्न असतात. घरात पुस्तके नसलेल्या मुलाचे नुकसान होऊ नये, ही त्यामागील अपेक्षा असावी. उरलेल्या प्रश्नांपैकी २० अंकगणिताचे आणि २० भाषेचे. भाषेच्या विभागात उतारे वाचून उत्तरे द्यायची असतात, आणि परीक्षा मराठीतूनही देता येते. चुकलेल्या उत्तराला गुण वजा होत नाहीत.

मात्र कोणतेही मोजमाप बक्षिसाशी बांधले गेले, की लोक गुण वाढविण्यापेक्षा मोजमापच वश करून घेण्याच्या मागे लागतात. आकृत्यांचे प्रश्न ठरावीक प्रकारांचे असल्याने शेकडो नमुने घोटून घेता येतात. असे घोटलेले मूल अधिक बुद्धिमान होत नाही, त्याला फक्त आकृती ओळखीची वाटते. न घोटलेले, पण मुळात अधिक चतुर असलेले मूल दीड मिनिटांत ती प्रथमच पाहते आणि मागे पडते. ज्या विभागाने विषमता कमी करावी अशी अपेक्षा होती, तोच विभाग शिकवणी वर्गांच्या जाहिरातींचा मुख्य आधार झाला, हा या व्यवस्थेतील मोठा विरोधाभास आहे.

घरातील एक अनुभव

हे सारे मी तटस्थपणे लिहीत आहे, असा आव आणण्याचे कारण नाही. तीन वर्षांपूर्वी माझे थोरले बंधू गावाहून आले आणि म्हणाले, ‘तू एवढा प्राध्यापक, याचं नवोदयचं तूच बघ.’ पुतण्या तेव्हा गावच्या जिल्हा परिषद शाळेत पाचवीत होता. मी त्याला आमच्या गावातील एका शिकवणी वर्गात घातले. शनिवारी दुपारी तो माझ्याकडे येई आणि रविवारी दिवसभर वर्गाला जाई. वर्गात दर आठवड्याला चाचणी होई आणि क्रमवारीचा कागद भिंतीवर लावला जाई. पहिल्या महिन्यात त्याचा क्रमांक एकेचाळिसावा होता. दुसऱ्या महिन्यापासून शनिवारी रात्री त्याच्या पोटात दुखू लागले. मी, म्हणजे शिक्षणाच्या अर्थशास्त्रावर वर्गात व्याख्याने देणारा माणूस, त्यावर उपाय म्हणून घरी घड्याळ लावून आणखी एक चाचणी घेऊ लागलो.

एका रविवारी संध्याकाळी त्याने सोडवलेला एक उतारा मी पाहिला. पाचही उत्तरे बरोबर होती. सहज विचारले, ‘बाळ, उताऱ्यात काय सांगितलंय?’ त्याला सांगता येईना. प्रश्नातील शब्द उताऱ्यात कोठे आहे ते शोधायचे आणि त्याच्या शेजारचा शब्द उत्तर म्हणून निवडायचा, अशी युक्ती त्याला शिकविण्यात आली होती. उलट, डेअरीच्या दुधाच्या पावतीवरील लिटर, फॅट आणि दर पाहून दहा दिवसांचे बिल किती होईल याचा अंदाज तो तोंडी बिनचूक सांगे. पण तोच हिशेब वहीत दशांश अपूर्णांक म्हणून आला की अडखळे. पावतीवरचे ६.५ आणि पुस्तकातले ६.५ एकच आहेत, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. शाळेनेही नाही, वर्गानेही नाही आणि मीही नाही.

तीन महिन्यांनंतर मी त्याला वर्गातून काढले. बंधू नाराज झाले. पुढचे सात महिने आम्ही फारसे काही वेगळे केले नाही. रोज एक पान मोठ्याने वाचायचे आणि पुस्तक मिटून ते आपल्या शब्दांत सांगायचे. गावी असला, तर हे त्याच्या आजोबांपुढे. गणित पावत्यांवर, एस. टी.च्या वेळापत्रकावर आणि शेतातल्या वाफ्यांच्या लांबी-रुंदीवर. परीक्षेआधीच्या शेवटच्या दोन महिन्यांत तेवढे जुने प्रश्न आणि उत्तरपत्रिकेतील गोल रंगविण्याचा सराव.

यादीत त्याचे नाव आले नाही. या परीक्षेत यादीत नाव असते किंवा नसते. नसणाऱ्या मुलाला ते का नाही हे कळत नाही. रात्री त्याने फोनवर विचारले, ‘काका, मग मी हुशार नाही का?’ या प्रश्नाला देण्याजोगे उत्तर माझ्या पदव्युत्तर शिक्षणात नव्हते. मी एवढेच म्हणालो, ‘ऐंशी जागा होत्या म्हणून यादी ऐंशीवर संपली. जागा दोनशे असत्या, तर ती दोनशेवर संपली असती. हुशारी तिथं संपत नाही.’ त्याला ते किती पटले, कोण जाणे. आज तो आठवीत आहे आणि मोठ्याने वाचण्याची सवय अजून सुटलेली नाही. वर्गातील तीन महिन्यांपैकी मात्र, भिंतीवरचा तो एकेचाळिसावा क्रमांक वगळता, त्याला काही आठवत नाही.

तयारी कोणती उरते?

या अनुभवातून मी एक साधा निकष काढला आहे. तयारीचे दोन प्रकार आहेत. एक परीक्षेच्या दिवशी दीड वाजता संपतो. दुसरा त्यानंतरही उरतो. प्रश्नांचे साचे घोटणे, शब्द जुळविण्याच्या युक्त्या, आठवड्याची क्रमवारी हा पहिला प्रकार. समजून वाचणे, अपूर्णांक आणि शेकडेवारीचे खरे आकलन, घडी घातलेल्या कागदाकडे कुतूहलाने पाहणे, नेटाने एका जागी बसणे हा दुसरा. चाळिसांतील एकोणचाळीस मुलांना जागा मिळणारच नसेल, तर शहाण्या पालकाने आपला बहुतांश वेळ आणि पैसा दुसऱ्या प्रकारात गुंतविला पाहिजे. ही गुंतवणूक जागा मिळाली तरी बुडत नाही आणि न मिळाली तरीही बुडत नाही.

याचा अर्थ परीक्षेची ओळखच करून देऊ नये, असा नाही. अपरिचित उत्तरपत्रिकेपुढे मूल बावरते. वेळेचे वाटप ठाऊक असणे आणि गुण वजा होत नसल्याने एकही प्रश्न कोरा न सोडणे, एवढे व्यवहारज्ञान त्याला दिलेच पाहिजे. पण त्यासाठी दोन महिने पुरेसे आहेत; दोन वर्षे लागत नाहीत. चौथीपासून मुलाचे खेळ आणि सुट्ट्या काढून घेणाऱ्या पालकांनी या खर्चाचाही हिशेब मांडावा. अर्थशास्त्रात त्याला त्यागलेल्या पर्यायाची किंमत म्हणतात. बालपणाच्या बाबतीत ती पुढे कोणत्याही हप्त्याने फेडता येत नाही.

आणखी एक गोष्ट निकालापूर्वीच करावयास हवी. नाव यादीत नसण्याची शक्यता किती आहे, हे मुलाला आकड्यांत, शांतपणे, परीक्षेआधीच सांगावे. निकालानंतर केलेले सांत्वन त्याला दयेसारखे वाटते. आधी सांगितलेले सत्य त्याला विश्वासासारखे वाटते. शिवाय ही वाट येथेच कायमची बंद होत नाही. नवोदयमध्ये रिकाम्या झालेल्या जागांसाठी नववीतही निवडपरीक्षा होते. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते आणि त्यातून नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये मिळतात.

शाळेचे आणि शासनाचे उत्तरदायित्व

मात्र पालकांना उपदेश करून हा प्रश्न मिटविणे सोयीस्कर असले, तरी प्रामाणिक नाही. माझ्या पुतण्याला प्राध्यापक काका होता, हीच मुळात विषमता होती. ज्याला असा काका नाही, ज्याचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्याच्यापुढे मोठ्याने वाचलेले पान ऐकायला कोण बसणार? त्याच्या वाट्याला एकच जागा येते, ती म्हणजे त्याची शाळा. ‘असर’च्या २०२४च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या निम्म्याहून किंचित कमी मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला, आणि साधा भागाकार तर तिघांत एकालाही धड जमला नाही. हे आकडे पाचवीचे आहेत, म्हणजे नेमके त्याच इयत्तेचे जिच्यात ही निवडपरीक्षा होते. खरी निवड परीक्षेच्या दिवशी होतच नाही. ती त्याआधीच्या चार वर्षांत झालेली असते.

यावर तीन उपाय सुचतात. पहिला शिक्षकांच्या हातातला. अनेक शाळांत चार-पाच हुशार मुले निवडून त्यांच्याकडून जादा तास घेऊन तयारी करून घेतली जाते. हे शिक्षक मेहनती असतात, त्यांच्याविषयी आदरच वाटतो. पण उतारा समजून वाचणे आणि अपूर्णांक कळणे ही तयारी साऱ्या वर्गाची करून घेण्यास काय हरकत आहे? परीक्षेला चार मुले बसली, तरी फायदा चाळिसांचा होईल.

दुसरा उपाय धोरणाचा. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची साडेतीन लाखांची मर्यादा आहे. नवोदयच्या ग्रामीण जागांपैकी काही हिस्सा तरी अशा निकषाने राखून ठेवला, तर ‘ऐपत नसली तरी’ या १९८६च्या आश्वासनाला पुन्हा अर्थ येईल. उत्पन्नाचे दाखले कसे मिळतात हे सर्वांना ठाऊक आहे, हा आक्षेप खरा आहे. पण दाखला खोटा असू शकतो म्हणून निकषच नको, हा युक्तिवाद गरिबाच्या बाजूचा नव्हे. शिकवणी वर्गांबाबत केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये असे त्यांत सुचविले. पण जोवर ८० जागांच्या बाहेर आशा दिसत नाही, तोवर सूचनांनी मागणी आटत नसते.

तिसरा उपाय सर्वांत अवघड आणि सर्वांत आवश्यक. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने २८ नव्या नवोदय विद्यालयांना मंजुरी दिली. त्याचे स्वागतच केले पाहिजे. तथापि अशी २८ काय, २८० विद्यालये निघाली, तरी बहुसंख्य मुले जिल्हा परिषदेच्या शाळेतच शिकणार आहेत. १९८६च्या धोरणाने नवोदय विद्यालयांना परिसरातील शाळांना गती देण्याचे काम सांगितले होते. ते काम किती झाले, याचा जाहीर ताळेबंद एकदा मांडला गेला पाहिजे. जिल्ह्यातून ८० मुले उचलून नेणे हे यशाचे एकच माप होऊ शकत नाही. त्यांच्या मागे राहिलेल्या बाकांचे काय झाले, हेही मोजले पाहिजे.

निवडपरीक्षा वाईट नसते. जागा थोड्या असतील, तर त्या वशिल्यापेक्षा परीक्षेने वाटलेल्या केव्हाही बऱ्या. परंतु दुर्मिळ वस्तू न्याय्य रीतीने वाटणे आणि ती दुर्मिळच राहू देणे, या दोन गोष्टींत फरक आहे. पुढच्या हिवाळ्यात शाळेच्या फाटकासमोर पुन्हा गर्दी होईल आणि दीड वाजता मुले बाहेर येतील. ‘किती सुटले?’ असे त्यांना जरूर विचारावे. पण त्याच संध्याकाळी, उत्तरे जुळवून पाहण्याऐवजी, ‘उताऱ्यात काय होतं?’ असेही एकदा विचारावे. मुलाला ते सांगता आले, तर यादी लागण्याच्या कितीतरी आधी त्याला काहीतरी मिळालेले असेल.